हायपेरियनचा दिवस

आकाशाच्या गणितात ‘बहुतेक’ला जागा नाही, असं मी वर्षानुवर्षं लोकांना सांगत आलो. शाळेच्या पटांगणात, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर, गणपतीच्या मांडवात, जिथे बोलावतील तिथे दुर्बीण आणि प्रोजेक्टर घेऊन जायचो. ग्रहण कधी लागणार, कधी सुटणार, खग्रास कुठून दिसणार हे कित्येक वर्षं आधी मिनिटाबरहुकूम सांगता येतं, मग राहू-केतूला भ्यायचं कशाला, असा माझा सवाल असायचा. सवाल रास्त होता, आजही आहे. पण त्याला जोडून मी जे पुढचं वाक्य बोलायचो, ते खरं नव्हतं. मी म्हणायचो, सूर्यमालेतल्या प्रत्येक पिंडाचं असंच आहे. आजची जागा आणि आजचा वेग मोजा, न्यूटनचे नियम लावा आणि हव्या त्या दिवसाचं उत्तर काढा. उत्तर एकच येईल. दोन आली तर तुमचं गणित चुकलं.

हे मी टाळ्यांसाठी बोलत नव्हतो. माझी ती श्रद्धा होती, आणि ती कुठून आली हे मला फार उशिरा कळलं. आमची जमीन मराठवाड्यातली, कोरडवाहू. घरातला प्रत्येक निर्णय अंदाजावर. मृग बहुतेक बरसेल, कापसाला भाव बहुतेक येईल, सावकार दिवाळीपर्यंत बहुतेक थांबेल. वडील रोज संध्याकाळी रेडिओवर हवामानाचा अंदाज ऐकायचे आणि काही न बोलता उठायचे. मी गणिताकडे वळलो ते गणितात गती होती म्हणून, असं मी सगळ्यांना सांगत आलो. खरं कारण वेगळं होतं. मला त्या ‘बहुतेक’चा धसका होता. जिथे तो शब्द पोचणार नाही अशी जागा मला हवी होती, आणि आकाश मला तशी जागा वाटलं.

माझ्या व्याख्यानाचे दोन नायक ठरलेले होते. पहिला फ्रान्सचा लेव्हेरिये. युरेनस हिशेबापेक्षा थोडा इकडेतिकडे सरकतोय, म्हणजे पलीकडून कुणीतरी त्याला ओढतंय. ओढणारा कुठे असेल ते लेव्हेरियेने कागदावर काढलं, बर्लिनच्या वेधशाळेला कळवलं, आणि २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री तिथल्या गालं यांना त्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. दुसरे आपले व्यंकटेश बापूजी केतकर, ‘ज्योतिर्गणितम्’चे कर्ते. गुरूच्या चंद्रांमधलं लाप्लासने दाखवलेलं नातं पुढे नेऊन त्यांनी १९११ साली नेपच्यूनपलीकडे दोन ग्रह असावेत असं फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या नियतकालिकात मांडलं आणि त्यांना ब्रह्मा आणि विष्णू अशी नावं दिली. ब्रह्मा सूर्यापासून पृथ्वीच्या साधारण ३९ पट दूर, त्याची फेरी सुमारे २४२ वर्षांची. १९३० मध्ये प्लूटो सापडला तो साडेएकोणचाळीस पट अंतरावर, २४८ वर्षांच्या फेरीचा. हा भाग आला की सभागृह भारून जायचं.

यातली एक गोष्ट मी सांगत नसे. १९७८ मध्ये प्लूटोचा चंद्र शॅरन सापडला, तेव्हा प्लूटोचं वस्तुमान नीट कळलं. ते पृथ्वीच्या जेमतेम पाचशेव्या भागाएवढं आहे. एवढ्याशा पिंडाने नेपच्यून हलत नाही, तेव्हा ग्रहांच्या हालचालीवरून प्लूटोची जागा काढता येणं शक्यच नव्हतं. आकडे जुळले तो योगायोग होता. केतकरांची विद्वत्ता त्या एका जुळणीवर उभी नाही; त्यांचं पंचांगाचं काम तिच्याशिवायही भक्कम आहे. पण माझं भाषण तिच्यावर उभं होतं. जे माझ्या श्रद्धेला सोयीचं ते मी सांगितलं, जे गैरसोयीचं ते गाळलं. एरवी हा दोष मी ज्योतिषांना देत असे.

केऑस सिद्धान्ताबद्दल तर माझं मत वाचण्याआधीच झालेलं होतं. फुलपाखराने पंख हलवले आणि कुठे वादळ आलं, ही गोष्ट इतक्या लोकांच्या तोंडून ऐकली की तो एक फॅशनचा विषय वाटायला लागला. हवामानात असेल तसं, मी म्हणायचो. हवा असतेच बेभरवशाची. ग्रहांचा त्याच्याशी काय संबंध? आणि कॉम्प्युटरवर आकडे पळवून रंगीत चित्रं काढणं याला मी गणित मानत नव्हतो. एका हुशार मुलाने प्रकल्पासाठी लघुग्रहांच्या कक्षांवर तसलं काम करायचं म्हटलं, तर मी त्याला वर्गासमोर म्हणालो, ‘सिद्धता जमत नाही म्हणून चित्रं काढणार का?’ त्याने विषय बदलला. पुढे गणितही सोडलं. माझ्यामुळेच सोडलं असं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही. पण ते वाक्य उच्चारताना मला त्याच्या विषयातलं काहीही माहीत नव्हतं, याचा पुरावा माझ्याकडे आहे.

त्या सुमारास माझ्या स्लाइड्समध्ये शनीच्या उपग्रहांचा एक तक्ता होता. नाव, अंतर, फेरीचा काळ, दिवसाची लांबी. बहुतेक मोठे उपग्रह आपल्या चंद्रासारखे एकच बाजू ग्रहाकडे ठेवून फिरतात, म्हणून शेवटचे दोन रकाने सारखेच असतात. हायपेरियनपुढे मी दोन्ही ठिकाणी २१.३ दिवस लिहिलं होतं. कुठून घेतलं होतं? कुठूनही नाही. इतरांसारखाच असणार म्हणून भरून टाकलं होतं.

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षातली एक मुलगी व्याख्यान संपल्यावर थांबली. वही हातात होती.

‘सर, हायपेरियनचा दिवस एकवीस दिवसांचा, हे कुठे मिळालं?’

‘अगं, उपग्रहच तो. शनीकडे तोंड करून फिरणार. जेवढी फेरी तेवढा दिवस.’

‘पण त्याचा दिवस ठरलेलाच नाही.’

‘मोजला नसेल कुणी नीट.’

‘मोजलाय, सर. ठरलेला नाही.’

तिच्या आवाजात आगाऊपणा नव्हता, आणि म्हणूनच मला ते जास्त लागलं. तिने ते कॉम्प्युटरवर चालवून पाहिलं होतं. मी तिला तो प्रोग्रॅम पाठवायला सांगितलं. मनात हेतू एकच होता: तिची चूक शोधायची.

हायपेरियन १८४८ मध्ये सापडला. ऑगस्ट १९८१ मध्ये व्हॉयेजर २ शनीजवळून गेलं, तेव्हा त्याचा आकार दिसला: वेडावाकडा, एका अंगाने साडेतीनशे किलोमीटर तर दुसऱ्या अंगाने दोनशेच्या आसपास. त्याची कक्षाही पुरती गोल नाही. शनीपासूनचं अंतर सरासरीच्या दहा टक्के कमी-जास्त होत राहतं. ही लांबट कक्षा कधीच गोल व्हायला हवी होती, पण शेजारी टायटन बसलाय. टायटनच्या चार फेऱ्या होतात तेवढ्यात हायपेरियनच्या तीन, आणि या ठरलेल्या तालामुळे ती कक्षा लांबटच राहते. एका बाजूने जास्त फुगलेल्या पिंडाला शनी पीळ देतो, आणि हा पीळ अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणजे शनीच्या सर्वांत जवळ असताना बसणारा पीळ सर्वांत दूर असतानाच्या पिळाच्या पावणेदोन पटीहून जास्त. बस, एवढंच. याचं समीकरण एका ओळीत मावतं. मी पदवीच्या मुलांना लंबकाचं जे समीकरण शिकवतो, त्याच्या घरातलंच आहे ते.

तिचा प्रोग्रॅम आला त्या रात्री मी ते समीकरण आधी कागदावर स्वतः काढलं. तिचं बरोबर होतं. मग लॅपटॉपवर प्रोग्रॅम चालवला. तिने हायपेरियनला दोनदा सोडलं होतं. दोन्ही वेळा वेग तोच, फक्त सुरुवातीच्या कोनात दशलक्षांशाचा फरक. पडद्यावर निळी आणि लाल अशा दोन रेषा एकमेकींवर चढून निघाल्या. वीस फेऱ्यांपर्यंत लाल दिसतच नव्हती, निळीखाली झाकलेली. पंचविशीनंतर निळीच्या कडेला लाल किनार आली. तिशीच्या आसपास दोघींचा एकमेकींशी काही संबंध उरला नाही. एकीत हायपेरियन एका दिशेला गरगरत होता, दुसरीत जवळजवळ थांबून उलट फिरायच्या बेतात होता.

मला वाटलं, सापडली चूक. प्रत्येक पायरीला आकडे तुटतात, त्या तुटीचा हा ढीग. मी पायरी दहापट लहान केली. रेषा पुन्हा तिथेच फाटल्या. मग आकडेमोडीची पद्धतच बदलली. पुन्हा तिथेच, थोडं मागेपुढे. मग मला एक चाचणी सुचली आणि ती सुचल्याचा मला आनंद झाला: कक्षा गोल करून टाकायची. दोष यंत्रात असेल तर गोल कक्षेतही रेषा फाटतील. मी लांबटपणाचा आकडा ०.१ होता तिथे शून्य टाकला. दोन रेषा एकमेकींजवळ राहिल्या. शंभर फेऱ्या गेल्या, पाचशे गेल्या, त्यांच्यातलं अंतर नावालाच वाढलं. यंत्र तेच, पद्धत तीच, सुरुवातीचा फरक तोच. पुन्हा ०.१ टाकला. पुन्हा फाटल्या.

त्यानंतर मी ठिपके काढले. हायपेरियन शनीच्या सर्वांत जवळ आला की त्या क्षणी त्याचा कोन किती आणि फिरण्याचा वेग किती, एवढंच टिपायचं, एका फेरीला एक ठिपका. शहाण्यासारखा फिरणारा पिंड असेल तर हे ठिपके एका रेषेवर रांगेत येतात. माझ्यासमोर ते अंगणात ज्वारी सांडावी तसे पसरत गेले. आणि तरी अगदी कसेही नाही. मधे काही जागा अशा होत्या की तिथे हजारो ठिपक्यांनंतरही एकही पडेना; नीट गोलसर किनाऱ्याची, रिकामी बेटं. त्या बेटांच्या आतून सुरुवात केली की ठिपके निमूट वळणदार रेषेवर चालायचे. बाहेरून केली की विस्कटायचे. शिस्त आणि बेशिस्त एकाच समीकरणात, शेजारी शेजारी, आणि दोघींमधली सीमा बघत मी किती वेळ बसलो मला आठवत नाही.

माझी श्रद्धा नेमकी कुठे मोडली, ते त्या वेळी मला स्वच्छ दिसलं. समीकरणात दैवाला जागा नव्हती. तंतोतंत त्याच आकड्याने सुरुवात केली की तंतोतंत तेच उत्तर येत होतं. नियम एक, सुरुवात एक, तर उत्तर एक, हे अजूनही खरंच होतं. खोटं ठरलं ते त्याच्या पाठीमागे मी न बोलता धरलेलं दुसरं गृहीतक: सुरुवात जवळजवळ कळली की उत्तरही जवळजवळ कळतं. आयुष्यभर मी या दोन गोष्टी एकच समजलो होतो. आणि मोजमाप तर नेहमी ‘जवळजवळ’च असतं. कुठल्या दुर्बिणीने, कुठल्या यानाने आजवर एखादा कोन अनंत दशांशांपर्यंत मोजलाय?

मग मी एक साधा हिशेब मांडला, आणि मला वाटतं खरा धक्का या हिशेबाने दिला. हायपेरियनच्या बाबतीत सुरुवातीची चूक दर दोनेक फेऱ्यांत, म्हणजे सुमारे दीड महिन्यात, पावणेतीन पट होते. समजा, मी माझं मोजमाप हजारपट सुधारलं. नवं यान, नवा कॅमेरा, कोट्यवधींचा खर्च. बदल्यात भविष्य किती पुढचं दिसेल? चौदाएक फेऱ्या. दहा महिने. पुन्हा हजारपट सुधारा, आणखी दहा महिने. मी समजत होतो की अज्ञान हे कष्टाने फेडता येणारं कर्ज आहे. जितकं अचूक मोजाल तितकं दूर दिसेल. इथे कष्ट हजाराच्या पटीने वाढत होते आणि दिसण्याची मर्यादा महिन्यांनी सरकत होती.

मला आधी राग आला. कोणाचा, ते सांगता येणार नाही. मग चक्क भीती वाटली, लहानपणी पाऊस लांबला की घरात वाटायची तशी. पुढचे काही दिवस मी त्या मुलीला काही कळवलं नाही. तिचं बरोबर आहे एवढे तीन शब्द लिहायला मला जड गेले, हे मला कबूल करायला हवं.

नंतर वाचत गेलो तसतसं कळलं की मी एकटाच मागे राहिलो होतो. जॅक विझ्डम, स्टॅन्टन पील आणि फ्रान्स्वा मिन्यार यांनी हायपेरियनचं हे वागणं १९८४ मध्येच गणिताने मांडलं होतं, आणि त्याच्या कमी-जास्त होणाऱ्या उजेडाच्या नोंदींनी पुढे त्याला दुजोरा दिला होता. १९८८ मध्ये सस्मन आणि विझ्डम यांनी खास बांधलेल्या यंत्रावर प्लूटोची कक्षा साडेचौऱ्याऐंशी कोटी वर्षांपर्यंत पळवली आणि तीही केऑटिक निघाली. ज्या प्लूटोला मी अचूक भविष्यकथनाचा पुरावा म्हणून मिरवत होतो, तोच प्लूटो. पुढच्याच वर्षी पॅरिसच्या जाक लास्कर यांनी आतल्या ग्रहांचं तेच दाखवलं, पृथ्वीसकट. आज पृथ्वीची जागा सांगताना १५ मीटरची चूक झाली, तर एक कोटी वर्षांनी ती १५० मीटरची असेल. हे काहीच नाही. पण दहा कोटी वर्षांनी ती १५ कोटी किलोमीटरची होते, म्हणजे पृथ्वी आणि सूर्य यांच्यातल्या अंतराएवढी. पृथ्वी तेव्हा कक्षेत कुठल्या बाजूला असेल हे सांगण्याला अर्थच उरत नाही.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त हलवून गेला तो माझाच जुना नायक. १७७० च्या जूनमध्ये मेसिये यांना एक धूमकेतू दिसला. १ जुलैला तो पृथ्वीपासून तेवीसएक लाख किलोमीटरवरून गेला; इतक्या जवळून जाताना दिसलेल्या धूमकेतूची दुसरी खात्रीची नोंद नाही. लेक्सेल यांनी त्याची कक्षा काढली: साडेपाच वर्षांची. मग तो आधी कधीच का दिसला नव्हता? कारण १७६७ मध्ये गुरूच्या जवळून जाताना तो या कक्षेत ओढला गेला होता. मग नंतर का दिसला नाही? कारण १७७९ मध्ये तो पुन्हा गुरूच्या अगदी जवळून गेला आणि कुठेतरी फेकला गेला. कुठे?

लेव्हेरियेने १८४० च्या दशकात हा प्रश्न हातात घेतला, नेपच्यूनचं गणित केलं त्याच काळात. त्याला दिसलं की १७७० च्या वेधांमध्ये जी थोडी अनिश्चितता आहे, ती गुरूच्या त्या भेटीत इतकी वाढते की एक कक्षा सांगणं शक्य नाही. मग त्याने एक कक्षा सांगितलीच नाही. वेधांशी जुळणाऱ्या सगळ्या शक्य कक्षांचं कुटुंब त्याने मांडलं, एका बदलत्या आकड्यात बांधून, आणि प्रत्येक आकड्याला धूमकेतूचं पुढे काय होतं ते लिहिलं. काहींत तो सूर्याभोवती लांबच्या फेऱ्या मारतो, काहींत सूर्यमालाच सोडून जातो. उद्या एखादा नवा धूमकेतू दिसला तर तो हाच आहे का, हे या तक्त्यावरून पडताळता येईल, असं ते काम होतं.

एकाच माणसाने एकीकडे एका अंशाच्या आत ग्रह दाखवला आणि दुसरीकडे उत्तराऐवजी उत्तरांचा तक्ता दिला. मी त्याची पहिली गोष्ट कित्येक गावांत सांगितली होती. दुसरी मला ठाऊकच नव्हती, आणि ठाऊक असती तर मी ती त्याचं अपयश म्हणून झाकली असती. आता मला तो तक्ता नेपच्यूनच्या शोधाइतकाच मोठा वाटतो. नेपच्यूनच्या वेळी निसर्गाने त्याला साथ दिली होती. इथे निसर्ग साथ देत नव्हता, तरी त्याने खोटी खात्री दिली नाही, आणि हात झटकून ‘सांगता येत नाही’ असंही म्हटलं नाही. जेवढं ठाऊक होतं तेवढं सगळं, त्याच्या सीमांसकट, कागदावर ठेवलं.

हे पचल्याची परीक्षा फेब्रुवारी २०२५ मध्ये झाली. २०२४ वायआर४ नावाचा, साधारण साठ मीटरचा लघुग्रह २२ डिसेंबर २०३२ रोजी पृथ्वीवर आदळण्याची शक्यता एक टक्क्याच्या वर गेली होती, आणि तो पडलाच तर ज्या पट्ट्यात पडेल त्यात अरबी समुद्र आणि भारतही येत होता. वाहिन्यांनी मुंबईचं नाव उचललं. फोन सुरू झाले. एक टक्का, मग दोनच्या पुढे, १८ फेब्रुवारीला ३.१ टक्के. नातेवाइकांतली एक बाई, मुलगा मुंबईत नोकरीला, मला विचारत होती, ‘भाऊ, हे शास्त्रज्ञ रोज आकडा बदलतात, म्हणजे त्यांना काही कळत नाही ना?’

पूर्वीचा मी तिला ‘काही होत नाही, घाबरू नका’ म्हणून फोन ठेवला असता. या वेळी मी समजावत बसलो. २०३२ मध्ये तो लघुग्रह कुठे असू शकेल याचा एक लांबच लांब पट्टा आहे. पृथ्वी त्या पट्ट्यात कुठेतरी आहे. नवे वेध येतात तसा पट्टा आखडतो. पृथ्वी अजून पट्ट्यातच असेल तर आखडलेल्या पट्ट्यात तिचा वाटा आधीपेक्षा मोठा दिसतो, म्हणून टक्का चढतो. एक दिवस पट्ट्याची कड पृथ्वीला ओलांडून जाते आणि टक्का एकदम कोसळतो. बहुतेक वेळा असंच होतं. ‘बहुतेक’ हा शब्द माझ्या तोंडून सहज गेला. आठवड्याच्या आतच आकडा जवळजवळ शून्यावर आला. पण त्या बाईला मी ते समजावलं तेव्हा तो वर चढत होता, आणि ती मला म्हणाली, ‘म्हणजे चढला म्हणून लगेच घाबरायचं नाही, पण बघत राहायचं.’ एवढं नेमकं मलाही म्हणता आलं नसतं.

अंधश्रद्धेविरुद्ध ज्यांच्यासोबत आयुष्यभर काम केलं, त्यांतल्या एका मित्राला माझा हा बदल मान्य नाही. तो म्हणतो, तुम्ही व्यासपीठावरून ‘सांगता येत नाही’ म्हणालात की उद्या ज्योतिषी तेच वाक्य मिरवणार. त्याची काळजी खोटी नाही. ती माझीही होती, आणि कित्येक वर्षं मी तिच्याच आडोशाला बसलो होतो. पण आता मला फरक ठामपणे सांगता येतो. ग्रहणाचं गणित शेकडो वर्षांसाठी पक्कं आहे, कारण आतल्या ग्रहांच्या गतीतली चूक पावणेतीन पट व्हायला सुमारे पन्नास लाख वर्षं लागतात. हायपेरियनला तीच गोष्ट दीड महिन्यात होते. कुठे खात्री आहे, कुठवर आहे आणि कुठे संपते, याचा आकडा आम्ही देतो. लास्कर आणि गास्तिनो यांनी २००९ मध्ये बुधाची सुरुवात मिलिमीटरच्या अंशाने सरकवत अडीच हजारांवर सूर्यमाला पाच अब्ज वर्षांपर्यंत चालवल्या. त्यांतल्या सुमारे एक टक्क्यात बुधाची कक्षा भयंकर लांबट झाली, इतकी की पुढे टक्कर संभवते. कुठल्याही पत्रिकेत अशी ‘एक टक्का’ची ओळ मी पाहिलेली नाही. मित्राला हे अजून पटलेलं नाही. आम्ही भांडतो, आणि पुढच्या कार्यक्रमाला दुर्बीण दोघं मिळून उचलतो.

ती मुलगी आता पीएच.डी. करते आहे आणि मी तिच्याकडून शिकतो, उतारवयात जमेल तेवढं. सध्या आमच्यासमोर अपोफिस आहे. २००४ मध्ये सापडलेला, साडेतीनशे मीटरच्या आसपासचा हा लघुग्रह १३ एप्रिल २०२९ रोजी पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२,००० किलोमीटरवरून जाईल, दळणवळणाच्या कित्येक उपग्रहांपेक्षाही जवळून. तो आदळणार नाही, निदान शंभर वर्षं तरी नाही. रडारच्या मोजमापांनी २०२१ मध्ये ते पक्कं केलंय. पण अपोफिस मुळातच एका अक्षावर नीट फिरत नाही, कोलांट्या खात फिरतो, आणि जवळून जाताना पृथ्वी त्याला तसाच पीळ देईल जसा शनी हायपेरियनला देतो. भेटीनंतर तो कसा फिरेल, हे त्या घटकेला त्याचं तोंड कुणीकडे आहे यावर अवलंबून आहे. आम्ही सुरुवातीचे कोन थोडे थोडे बदलून एकेक शक्यता चालवतो आहोत आणि तक्त्यात लिहितो आहोत. तक्ता लांबत चाललाय. २०२९ च्या वसंतात जगभरचे वेध येऊ लागले की त्यातल्या बऱ्याच ओळी आम्हाला खोडाव्या लागतील, आणि कोणत्या खोडाव्या लागतील हे आज आम्हा दोघांनाही माहीत नाही.